मधल्या दगडापर्यंत

मी, श्रीमती इसोबेल फ्लेट, कैलासवासी अलेक्झांडर फ्लेट 'बगळा' यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार धक्क्यामागची गल्ली, इन्व्हरस्केल, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही, पण कायद्याला पोटाशी कर्तव्य नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आजवर ज्यांनी आणून पाहिलं, त्यांना काय मिळालं ते त्यांनाच विचारावं. याआधी मी केलेली सगळी मृत्युपत्रं या कागदाने रद्द होतात.

सुरुवातीलाच एक खुलासा. या कागदात गावातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचं टोपणनाव लिहिलं आहे. आमच्या वकीलबाई, श्रीमती इनेस, म्हणाल्या, "बाई, कायदेशीर कागदात हे बरं दिसत नाही. काढून टाकू या का?" मी म्हटलं, "काढलंत तर दुसरा वकील बघेन." या गावात निम्मी माणसं फ्लेट आणि उरलेली स्लेटर. बारशाची नावंही तीच ती, आजोबाचं नातवाला. म्हणून इथे घराण्यांना टोपणनावं आहेत. आम्ही बगळे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचे पाय लांब होते म्हणे. टोपणनाव सोडून इथे माणूस ओळखता येत नाही, आणि न ओळखल्याने काय होतं ते मला माहीत आहे. ते पुढे कलम तिसऱ्यात येईल.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीमती इनेस यांनी करावी. त्या बाहेरगावच्या आहेत, त्यामुळे त्यांचं कोणाशी भांडण नाही.

कलम दुसरे. प्रार्थना चर्चमध्ये नको, घरीच व्हावी, आणि थोडक्यात व्हावी. समुद्रावरचं एकही भजन म्हणू नये. मला त्या भजनांचा वीट आला आहे. आलेल्यांना धुरावलेल्या हॅडॉक माशाचं सूप द्यावं, पण ते माझी नणंद एल्स्पेट फ्लेट 'बगळा' हिने करू नये. ती मीठ हाताने घालते आणि बोलताना घालते. तिला राग आला तर येऊ द्यावा. तिला बोलायला विषय मिळेल.

कलम तिसरे. ज्या शाळेत मी नोकरी केली तिला मी काही देत नाही. कपाटावर जी पितळी घंटा आहे ती शाळेची आहे असं कोणी म्हणेल. ती माझी आहे. मी ती शाळा बंद झाली तेव्हा लिलावात घेतली आहे. ती वितळवली तरी चालेल.

का, ते लिहून ठेवते, कारण माहीत असलेली माणसं आता संपत आली.

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक मिस्टर टॉड एडिनबराहून आले होते. त्यांना आमची टोपणनावं गावंढळ वाटायची. त्यांनी नियम केला: शाळेच्या फाटकाच्या आत टोपणनाव उच्चारायचं नाही. मुलांनी नाही, शिक्षकांनी नाही, शिपायानेही नाही. पूर्ण, शुद्ध, बाप्तिस्म्याचं नाव घ्यायचं. हजेरी घेताना माझ्या वर्गात तीन जेम्स स्लेटर एकदम "हजर" म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो.

१९७४ च्या मार्चमध्ये एका सकाळी बंदराच्या तोंडाशी एक होडी उलटली. तिच्यावर दोघंच होते. एक माझा नवरा, अलेक्झांडर फ्लेट 'बगळा'. दुसरा त्याचा सोबती, अलेक्झांडर फ्लेट 'शिंपी'. दोघांनाही पोहता येत नव्हतं. धक्क्यावर सगळा गाव गोळा झाला होता आणि त्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. आमच्याकडे कोळ्याने पोहायला शिकणं म्हणजे समुद्राला हिणवणं. दोर फेकला, तोकडा पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तोकडा पडला. शिंपीच्या हाताला खेकड्यांच्या सापळ्याचा एक तरंगता बोया लागला आणि लाटेने त्याला पायऱ्यांवर आणून आपटलं.

शाळेचा शिपाई वॉटी धावत माझ्या वर्गात आला. दारात त्याला नियम आठवला असावा. टोपी काढून तो म्हणाला, "बाई, होडी उलटली. पण घाबरू नका. मिस्टर अलेक्झांडर फ्लेट वाचले. धक्क्यावर आहेत."

मी वर्ग सोडून दिला. खडू हातातच होता. माझा मुलगा रॉब, नऊ वर्षांचा, त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर होता. तो माझ्या पुढे पळाला, त्याचे पाय बगळ्याचेच. मी पोचले तेव्हा त्याने घोंगडीखालच्या माणसाच्या तोंडावरची घोंगडी ओढून काढली होती आणि तो उभा राहून त्या तोंडाकडे बघत होता. ते शिंपीचं तोंड होतं. रॉब रडला नाही. त्याने घोंगडी परत होती तशी पांघरली आणि मला म्हणाला, "आई, हे ते नाहीत."

अलेक दुसऱ्या ओहोटीला धक्क्याच्या भिंतीखाली सापडला. जिथे तो बुडाला तिथून पायऱ्यांपर्यंतचं अंतर या घराच्या परसापेक्षा जास्त नव्हतं. मी पुढे किती वेळा तिथे उभी राहून ते डोळ्यांनी मोजलं ते सांगत नाही.

मातीनंतर मी मिस्टर टॉडना म्हटलं की तो नियम काढा. ते म्हणाले, "मिसेस फ्लेट, तुमचं दुःख मी समजतो. पण नियम भावनेवर बदलत नसतात." दुसऱ्या दिवसापासून मी हजेरी टोपणनावांनी घेतली, दार उघडं ठेवून, त्यांच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती तशीच घेतली. मिस्टर टॉड आता हयात नाहीत. असते तर त्यांना या कागदाची एक प्रत पाठवायला सांगितली असती.

कलम चौथे. वर जिचा उल्लेख आला ती माझी नणंद एल्स्पेट हिला माझी पिवळी रबरी पोहण्याची टोपी द्यावी.

निवृत्त झाले तेव्हा मी साठ वर्षांची होते. लोकांनी मला फुलझाडं दिली, जणू मी आता कुंडीजवळ बसून राहणार होते. घरात सकाळी नऊला मी कोट घालून उभी राहायचे आणि जायला जागा नसायची. शिकवणं ही सवय नाही, ती भूक आहे, आणि ती पेन्शनने जात नाही. शेवटी मी बसने एल्गिन शहरात गेले आणि तिथल्या बंदिस्त तलावात, दंडाला फुगे बांधलेल्या लेकरांच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकले. शिकवणारी पोरगी मला "आजी, पोट वर, आजी, पोट वर" करून ओरडायची. मी तिच्याकडून काय शिकवायचं ते शिकले, आणि कसं शिकवायचं ते मला आधीच येत होतं.

मग मी गावात चर्चच्या फळ्यावर कागद लावला: खडकातल्या कुंडात पोहायला शिकवलं जाईल, वयाची अट नाही, फी नाही. हे कुंड पूर्वी पाहुण्यांच्या हौसेसाठी खोदलं होतं. भरतीला त्यात पाणी चढतं आणि ओहोटीला तिथेच राहतं. मध्यभागी एक काळा दगड आहे, खोदणाऱ्यांच्या सुरुंगालाही तो दाद देईना म्हणून तसाच राहिला. त्या दगडाला चारी बाजूंनी खोल पाणी आहे. माझी परीक्षा एकच: दगडापर्यंत जायचं, वर बसायचं, परत यायचं.

पहिला सबंध उन्हाळा एल्स्पेट रोज कुंडाच्या भिंतीवर येऊन बसायची, माझ्याकडे पाठ करून, विणकाम घेऊन. जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायची, "समुद्राचं असतं ते समुद्र नेतोच. मधे हात घालणाऱ्याला तो लक्षात ठेवतो." मी पाण्यातून विचारायचे, "एल्स्पेट, तो मोजा किती विणून झाला?" ती म्हणायची, "तुझ्या अंत्यविधीपर्यंत होईल." झाला असेल आता. टोपी तिला यासाठी देते आहे की अठरा वर्षं त्या भिंतीवर बसून तिने माझा प्रत्येक धडा ऐकला आहे, आणि पाण्यात न उतरताही गावात तिच्याइतकं पोहणं कोणाला कळत नाही. मागच्या वर्षी तिने मान न वळवता एकाला सांगितलं, "गुडघे मोडतोयस रे." मी ऐकलं. ती नाही म्हणेल.

कलम पाचवे. कुंडातलं पाणी सोडायच्या झडपेची लोखंडी किल्ली, लांब बांबू, दोर आणि माझी शिट्टी या वस्तू अलेक्झांडर फ्लेट 'शिंपी' याला मिळाव्यात.

हो, तोच शिंपी.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या कुंडाकडे शिकायला कोणी फिरकलं नाही. मी एकटीच दगडापर्यंत जायचे आणि यायचे, आणि वरून पोरं हसायची. मग एका सकाळी हा आला. साठी उलटलेली, अंगात लोकरीची आतली चड्डी, पाय थंडीने निळे. त्या मार्चपासून आम्ही एकमेकांशी चर्चच्या दारात मान हलवण्यापलीकडे बोललो नव्हतो. मी त्याला दोष देत नव्हते. पण तो समोर दिसला की मला तो वर्गातला आनंद आठवायचा, वॉटी दारात उभा असतानाचा, आणि तो आनंद त्याच्या नावाचा होता हे आठवायचं.

तो म्हणाला, "बाई, मला शिकवाल?"

मी म्हटलं, "आता कशाला? तुला समुद्राने एकदा परत दिलंय."

तो म्हणाला, "त्या दिवशी त्याचा हात माझ्या हातात होता, बाई. मला धरून ठेवता आला नाही. मला नुसतं तरंगता आलं असतं तरी..." हे तो पंचवीस वर्षांत कोणाजवळ बोलला नव्हता.

मी म्हटलं, "उतर. पाठीवर झोप. पोट वर, हनुवटी वर, आभाळ बघ." त्याच्या पाठीखाली माझा तळहात होता. दगडासारखा जड माणूस, सगळा आखडलेला, दात वाजत होते. रोज सकाळी आम्ही तेवढंच करायचो. मी त्याला नवऱ्याबद्दल काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. मी फक्त "आभाळ बघ" म्हणायचे. मग एके दिवशी माझ्या तळहातावरचं त्याचं वजन गेलं. हात तिथेच होता, पाठ तिथेच होती, पण वजन पाण्याने घेतलं होतं. त्याला अजून कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, पण मुलाला गणित नेमकं कधी समजलं ते मास्तरला कधी दिसत नाही. सकाळी येत नसतं आणि दुपारी येत असतं, मधे काय झालं ते देव जाणे. इथे मला ते हाताला लागलं. मी त्या दिवशी घरी येऊन ओल्या कपड्यांनी या टेबलाशी बसले आणि खूप वेळ उठलेच नाही. इतकी खूश मी अलेक गेल्यापासून झाले नव्हते. हे मी आता लिहिते आहे, पोटात गाठ आहे, उभं राहवत नाही, आणि तरी तो हात आठवला की बरं वाटतं.

शिंपीनंतर गाव आलं. बेकरीवाली आली, तिच्या सुना आल्या, पाद्रीही आला. आमच्या कोळ्यांत होडीवर 'पाद्री' शब्द उच्चारला तर लोखंडाला हात लावावा लागतो, आणि इथे मी त्याच माणसाला पाठीवर झोपवून म्हणत होते, "साहेब, आभाळाची ओळख तुम्हाला आहेच, बघा की." सगळे दगडापर्यंत गेले. सगळे परत आले. शिकायलाच एक माणूस आला नाही, आणि तो माझ्या घरात राहतो.

कलम सहावे. [हे कलम रद्द केलं आहे. खोडलेलं नाही, वाचता यावं म्हणून तसंच ठेवलं आहे. इ. फ्ले.] धक्क्यामागच्या गल्लीतलं माझं घर, परस आणि जाळ्यांची खोली हे सर्व माझा मुलगा रॉबर्ट फ्लेट 'बगळा' याला मिळावं, परंतु केवळ या अटीवर की माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात त्याने खडकातल्या कुंडात मधल्या दगडापर्यंत पोहत जाऊन परत यावं. न गेल्यास घर विकून तो पैसा कुंडाच्या देखभालीला लावावा.

कलम सातवे. वरचं कलम का रद्द केलं ते.

रॉब चोपन्न वर्षांचा आहे. लग्न केलं नाही. खेकडे आणि शेवंड धरतो, एकट्याने, कोणालाही सोबत न घेता. त्याचं तरंगण्याचं जाकीट दाराआडच्या खिळ्याला लटकलेलं असतं आणि तो समुद्रावर गेल्यावरही तिथेच लटकलेलं मला दिसतं. सापळ्याच्या दोरात पाय अडकून एकटा माणूस होडीतून कसा ओढला जातो ते मला कोणी समजावून सांगायला नको. रोज दुपारी त्याच्या इंजिनाचा आवाज बंदरात येईपर्यंत माझा चहा तसाच राहतो. आता मी जाणार. मग तो आवाज ऐकायला कोण असेल, हे मला रात्री झोपू देत नाही. बाकी मरणाचं मला काही विशेष वाटत नाही.

कलम लिहून झालं तेव्हा तो जेवत होता. ओटच्या भरड्यात घोळवून तळलेलं हेरिंग मी त्याच्यापुढे ठेवलं आणि शेजारी कागद ठेवला.

"वाच."

त्याने वाचलं. हातातला काटा-चमचा खाली ठेवला. "घर कुंडाला देऊन टाक. मी होडीवर झोपेन."

"हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात काय, कधीही."

"पाण्याची भीती वाटते का तुला, रॉब?"

तो हसला. "भीती वाटत असती तर रोज गेलो असतो का? आई, पोहणाऱ्याला मरायला जास्त वेळ लागतो. दुसरा काही फरक नाही."

"हे तुझ्या आत्याचं बोलणं झालं. तुझं सांग."

तो ताटातले माशाचे काटे एका बाजूला लावत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी धक्क्यावर सगळा गाव होता. बाबा समोर होते. कोणी उडी मारली नाही, कारण कोणाला येतच नव्हतं. म्हणून मी आजही त्यांच्यातल्या कोणाकडूनही डिझेल घेतो, पाव घेतो, त्यांच्या तोंडाकडे बघतो. ज्याला येत नाही त्याला कोणी जाब विचारत नाही. पण उद्या मला यायला लागलं, आणि माझ्यासमोर कोणी गेला, तर?"

"तर उडी मारायची."

"आणि हातातून सुटला तर?"

मी टेबलावरचा कागद उचलून त्याची घडी केली. मी शिंपीचं त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या घोंगडीच्या दिवसापासून रॉबने शिंपीच्या घराची पायरी चढलेली नाही, रस्त्यात दिसला तरी गल्ली बदलतो. शिंपीने जगून त्याचं काही वाईट केलेलं नाही हे त्याला कळतं. कळून उपयोग नाही.

"बघ," तो म्हणाला, "म्हणूनच." त्याने ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं, आणि झोपायला गेला.

माझा मुलगा पाण्याला घाबरत नाही. तो माणूस हातातून सुटण्याला घाबरतो. एवढ्या वर्षांत ते मला कळलं नाही, मला वाटायचं हट्टी आहे, बापावर गेला आहे. बगळा जन्मभर पाण्यात उभा राहतो आणि पोहत नाही, असं मी त्याला चिडवायचे. घर अडवून धरून ही भीती जाणार नाही. म्हणून ते कलम रद्द.

कलम आठवे. घर, परस आणि जाळ्यांची खोली माझा मुलगा रॉबर्ट फ्लेट 'बगळा' याला कोणत्याही अटीशिवाय मिळावी. बँकेतली शिल्लक कुंडाच्या देखभालीसाठी द्यावी. गावच्या परिषदेने कुंड बुजवायचा विषय पुन्हा काढला, तर श्रीमती इनेस यांनी त्या पैशातून आधी वकिली करावी आणि मग डागडुजीचं सिमेंट आणावं.

कलम नववे, आणि शेवटचं. माझ्या देहाबद्दल.

मला पुरू नये. अलेकशेजारी जागा आहे हे मला माहीत आहे, ती रिकामी राहू द्यावी. माझं दहन करावं आणि राख रॉबच्या ताब्यात द्यावी. अलेकच्या मेणकापडी कोटाच्या बाहीची मी एक पिशवी शिवली आहे, ती जाळ्यांच्या खोलीत डाव्या खुंटीला आहे. शिवण दुहेरी आहे, पाणी आत जाणार नाही, मी बादलीत बुडवून पाहिली आहे. राख त्या पिशवीत भरावी. ती पिशवी गळ्यात अडकवून रॉबने कुंडात मधल्या दगडापर्यंत जावं आणि मला तिथे ठेवून यावं.

हे काम त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी करू नये. कुंडात होडी, तराफा, पिंप, फळी काहीही घालू नये. आणि मी माझ्या मुलाला ओळखते म्हणून स्पष्ट लिहिते: झडप उघडून कुंड रिकामं करून चिखलातून चालत जाणं हे पोहणं नव्हे. म्हणून झडपेची किल्ली कलम पाचव्याप्रमाणे शिंपीकडे राहील आणि त्याने ती रॉबला कुठल्याही सबबीवर देऊ नये. मी अजून जिवंत असल्याने ती सध्या चुलीमागच्या खिळ्यावर आहे, आणि रॉबला ती जागा ठाऊक आहे.

याला मुदत नाही. दंड नाही. जोवर तो जात नाही तोवर माझ्या राखेचा डबा स्वयंपाकघरातल्या कपाटावर, घंटेशेजारी, तो जेवतो त्याच्या समोर ठेवावा. मी वाट बघेन. मुलं सावकाश शिकतात, त्याने मला कधी त्रास झाला नाही.

त्याला शिंपीने शिकवावं. शिंपी, तू ऐंशीचा आहेस, जपून. पाण्यात कंबरेपर्यंतच उभा राहा, एल्स्पेट भिंतीवरून बाकीचं सांगेल. पहिल्या दिवशी त्याच्या पाठीखाली हात धर आणि काही बोलू नकोस. मग जेव्हा जमेल तेव्हा, तू मला सांगितलंस ते त्याला सांग. हाताचं.

रॉब, आता तुला. तू विचारलंस, हातातून सुटला तर. त्याचं उत्तर मला त्या रात्री आलं नाही, आता आलं आहे. मी सुटले तरी चालेल. मी आधीच गेलेली असेन, मला वाचवायचं नाहीये, मला फक्त न्यायचं आहे. वाटेत पिशवी सुटली, बंद तुटला, सगळी राख पाण्यात गेली, तर ती कुंडातच राहील, आणि मला तिथे काही परकं नाही. गावातल्या दुसऱ्या कोणालाही हे माणसाचं ओझं गळ्यात घालून शिकता आलं नाही, तुला येईल. नेताना पोट वर ठेव, हनुवटी वर, आणि आभाळ बघ. दगडावर पोचलास की जरा बस. तिथून धक्का दिसतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. तो माझी अखेरची इच्छा म्हणून मानावा.

सही: इसोबेल फ्लेट 'बगळा'
स्थळ: इन्व्हरस्केल
दिनांक: ११ ऑक्टोबर २०१९

आमच्या समक्ष सही केली:

१. मॉर्वेना स्लेटर 'साखर', परिचारिका. (दगडापर्यंत जाऊन आलेली.)
२. ड्युगल रॅमसे, पाद्री. (बाहेरगावचे असल्याने टोपणनाव नाही. गाव विचार करत आहे. तेही जाऊन आलेले.)

वर्गात मी प्रत्येक वहीच्या तळाशी मुलांसाठी एक ओळ कोरी सोडायचे, त्यांना काही म्हणायचं असेल तर. सवय म्हणून इथेही सोडली आहे. रॉबने हा कागद वाचून सही करावी, म्हणजे नंतर "मला कळलं नाही" असं त्याने म्हणायला नको.

वाचलं. किल्ली आज शिंपीकाकांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी चहा विचारला. घेतला. — रॉबर्ट फ्लेट 'बगळा'